खांबावर लागलेलं नकारपत्र

दिनांक १४ फेब्रुवारी १९९५. रक्कम रुपये ४६,३१५. ठिकाण, आमच्या विमा कंपनीच्या वाशी शाखेतली व्यवस्थापकांची केबिन. हजर: शाखा व्यवस्थापक बर्वेसाहेब, कंपनीच्या पॅनेलवरचे डॉ. कर्णिक, विमेदार ज्ञानदेव शेलार, कांदा-बटाटा मार्केटातल्या एका हमाल टोळीचे मुकादम, त्यांच्या पत्नी यशोदाबाई, आणि दाव्यांच्या टेबलावरचा सहायक म्हणून मी, राणे.

एवढा तपशील देण्याचं कारण, ही हकिगत पुढे मार्केटात फिरत राहिली आणि फिरता फिरता रक्कम दोन लाखांवर गेली, डॉक्टर एकाचे तीन झाले, आणि मी म्हणे टेबलावर हात आपटून भाषण केलं. मी भाषण केलेलं नाही. मला भाषण येत नाही.

शेलार मुकादम खुर्चीच्या टोकावर बसले होते. धोतर, पांढरा सदरा, डाव्या पायाच्या अंगठ्याला कापडाची जाड पट्टी. त्यांनी खिशातून आमच्या कंपनीच्या पत्राची झेरॉक्स काढली, चारही घड्या उलगडून बर्वेसाहेबांच्या टेबलाच्या काचेवर ठेवली आणि म्हणाले, "पैशाचं मागनं बघू. ही गोळी खायाची का न्हाई, तेवढं सांगा."

एकवीस वर्षांच्या नोकरीत विमेदाराने पैशाचं नंतर बघू असं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा थोडक्यात सांगतो. मेडिक्लेम म्हणजे दर वर्षी हप्ता भरायचा आणि इस्पितळात पडायची वेळ आली तर खर्च कंपनीकडून परत घ्यायचा. पॉलिसी घेताना एक अर्ज भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं की तुम्हाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार वगैरे काही आहे का. जे आहे ते लिहिलंत तर कंपनी पॉलिसीवर एक ओळ टाइप करते, की अमुक आजार आणि त्यातून उद्भवणारे आजार वगळून. म्हणजे त्याचे पैसे मिळणार नाहीत, बाकी सगळ्याचे मिळतील. हे न्याय्य आहे. घराला आग लागल्यावर आगीचा विमा कुणी देत नाही.

अडचण ही, की अर्जात खरं लिहिणारे लोक फार थोडे. आमच्या शाखेच्या अर्जांवर विश्वास ठेवला तर वाशीत मधुमेह नावाचा आजारच नव्हता. एका प्राध्यापकांनी सगळ्या प्रश्नांपुढे सुवाच्य अक्षरात "नाही" लिहिलं होतं. हप्त्याची आकडेमोड मात्र त्यांनी ज्या कागदाच्या पाठीवर केली, तो कागद त्यांच्याच रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट होता, आणि तो त्यांनी अर्जालाच टाचून पाठवला. मी फोन केला तर म्हणाले, "तो जुना आहे." मी तारीख वाचून दाखवली. मागच्याच आठवड्याची होती. त्यावर ते म्हणाले की त्या दिवशी घरी लग्नाचे लाडू आले होते. मसाला मार्केटातल्या एका व्यापाऱ्याने तर मला समजावलं की साखर हा आजारच नाही, ती बसून काम करणाऱ्या माणसाची खूण आहे.

आता शेलार. पॉलिसी विकायला पाटकर नावाचा आमचा एजंट त्यांच्याकडे गेला होता. अर्ज भरताना त्याने डोळा मिचकावून सांगितलं की साखरेचं लिहू नका, मुकादम, कोण बघतंय. शेलार म्हणाले, "गोळी खातो तर खातो लिव्हा. उद्या कुणी इचारलं तर मी काय तोंड दाखवू." पाटकरने नाराजीनेच लिहिलं. पॉलिसीवर ओळ टाइप झाली, मधुमेह व त्यातून उद्भवणारे आजार वगळून. ती मीच टाइप केली होती. सलग तीन वर्षं त्यांनी हप्ता मुदतीच्या आत भरला.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांचं पोट बिघडलं. जेवण जाईना, मळमळ, वजन उतरलं. आता गंमत अशी, की साखरेच्या गोळ्यांनी काहींचं पोट बिघडतं हे खरंच आहे, आणि शेलारांना ते नऊ वर्षांपूर्वी गोळी सुरू झाली तेव्हाही थोडं जाणवलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच ठरवलं की हा गोळीचाच त्रास. टोळीतल्यांनीही तेच सांगितलं. वजन उतरलं तर मंडळी खूश, म्हणाली, मुकादम, साखर उतरली बघा. काही महिने असेच गेले. मग एक दिवस उलटीत रक्त दिसलं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं, पोटात नळी घालून बघितलं आणि जठराचा कॅन्सर निघाला. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. जठराचा बराच भाग काढून टाकला. ऑपरेशन चांगलं झालं. बिल झालं सेहेचाळीस हजार तीनशे पंधरा.

दावा माझ्या टेबलावर आला. कागद इतके व्यवस्थित होते की मला आनंद झाला. प्रत्येक पावतीला क्रमांक घातलेला, तारखेप्रमाणे लावलेली, वर पिशवीच्या नाडीने बांधलेलं. ते यशोदाबाईंचं काम. त्यांना लिहिता येत नव्हतं, आकडे मात्र येत होते.

अशा दाव्याची फाइल आमच्याकडे पॅनेलवरच्या डॉक्टरकडे जायची. सोबत एक छापील फॉर्म, त्यात प्रश्न असा: सदर आजाराचा वगळलेल्या आजाराशी संबंध आहे काय? डॉक्टरने दोन ओळी लिहायच्या, खाली सही करायची. एका मताचे चाळीस रुपये. रुग्णाला बघायचं काम नसायचं. डॉ. कर्णिक निवृत्त होते, भले गृहस्थ होते आणि फाइली घरी घेऊन जायचे. त्यांनी लिहिलं: "रुग्ण नऊ वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेत होता. गोळ्यांमुळे पोटाचा त्रास होत असल्याची इस्पितळाच्या कागदांत नोंद आहे. जठराच्या कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

ती नोंद कुठली, तर दाखल करून घेताना शिकाऊ डॉक्टरने विचारलं, त्रास कधीपासून, आणि शेलार म्हणाले, गोळी खातोय तवापासनं.

"शक्यता नाकारता येत नाही" या चार शब्दांचा मला तेव्हापासून जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही. कशाची शक्यता नाकारता येते? मी फाइलवर टिपण ठेवलं की या मताला काही आधार असल्यास मागवावा. बर्वेसाहेब म्हणाले, "राणे, आपण डॉक्टर आहोत का? विभागीय कार्यालय बघेल." विभागीय कार्यालयाने बघितलं. नोव्हेंबरअखेर त्यांच्याकडून शेलारांना थेट पत्र गेलं. शेलारांचे सगळे फॉर्म मराठीत होते म्हणून उत्तरही मराठीत. त्यात शक्यता वगैरे काही उरलं नव्हतं. सरळ लिहिलं होतं: "आपणांस झालेला जठराचा कर्करोग हा मधुमेहावरील औषधांच्या दीर्घकालीन सेवनामुळे उद्भवलेला असल्याने दावा नामंजूर करण्यात येत आहे." खाली सही आणि जांभळ्या शाईतला गोल शिक्का.

आता मार्केटातली एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हमालीचा दर व्यापारी तोंडाने काहीही सांगो, शिक्का मारलेल्या दरपत्रकात जो असेल तोच खरा. ते दरपत्रक गाळ्यासमोरच्या खांबावर खळ लावून चिकटवलेलं असतं. भांडण झालं की मुकादम बोलत बसत नाही, खांबापाशी नेतो आणि बोट ठेवतो. टोळीला कळावं असं जे काही असेल ते त्याच खांबावर लागतं. शेलारांनी आमचं पत्र त्या खांबावर लावलं.

त्यांचा हेतू आमची बदनामी करण्याचा नव्हता. टोळीत साखरेची गोळी खाणारे आणखी काही जण होते. आपल्याला जे झालं ते त्यांना होऊ नये, एवढंच. कंपनीने शिक्का मारून सांगितलंय म्हणजे खात्री करूनच सांगितलं असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः गोळी बंद केली. टोळीतल्यांनी केली. शेजारच्या गाळ्यावाल्याने पत्राची झेरॉक्स काढली, त्याच्या मेहुण्याने झेरॉक्सची झेरॉक्स काढली, आणि डिसेंबरात मी स्टेशनजवळ चहा पीत होतो तर चहावाला म्हणाला, "काय साहेब, तुमच्या कंपनीने शुगरची गोळी बंद करायला लावली म्हणे. बरं झालं, माझे महिन्याचे पैसे वाचले." मी त्याला सांगितलं की असं काही नाही. तो म्हणाला, "अहो, मी वाचलंय. शिक्का आहे तुमचा."

मग एका रविवारी घरी जेवताना माझी पत्नी सुनंदा म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?" तिची साखर चार वर्षांपूर्वी निघाली होती, गोळी तीही घेत होती. सोसायटीतल्या भिशीत तिला ती झेरॉक्स मिळाली होती. मी म्हटलं, ते पत्र म्हणजे पैसे नाकारायचं कारण आहे, वैद्यकीय सल्ला नव्हे. ती म्हणाली, "म्हणजे खोटं कारण आहे?" मी म्हटलं, खोटं आहे असं मला सांगता येणार नाही. "म्हणजे खरं आहे?" तसंही सांगता येणार नाही म्हटलं. तिने ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "एकवीस वर्षं तुम्ही तिथे करता तरी काय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून, ज्यांनी शेलारांचं ऑपरेशन केलं होतं त्या सर्जनला भेटायला गेलो. दोन तास बाकावर बसवल्यावर त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो की कमी होतो की काहीच फरक पडत नाही, हे मला माहीत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना माहीत असेल तर त्यांनी मलाही कळवावं. पण गोळ्या सोडल्यावर काय होतं ते माहीत आहे. त्यासाठी खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात एक चक्कर मारा. मी मारली नाही. घरी येऊन सुनंदाला जसंच्या तसं सांगितलं. ती गोळी घ्यायला लागली. मध्ये आठ दिवस बंद होती हे मला तेव्हा कळलं.

शेलारांना मात्र पटेना. मी मार्केटात जाऊन सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने सांगितलं, सर्जननेही सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तोंडी सगळीच सांगत्यात." जानेवारीत गोणी उतरवताना हमालाचा लोखंडी हूक त्यांच्या अंगठ्याला घासला. एरवी चार दिवसांत बरी व्हावी अशी जखम. ती भरेना, काळी पडायला लागली. तेव्हा यशोदाबाई एकट्या आमच्या कार्यालयात आल्या, माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की तुमच्या सायबाची आन त्या डागदराची गाठ घालून द्या. मी बर्वेसाहेबांच्या मागे लागून ती चौदा फेब्रुवारीची बैठक लावली.

तर, ही गोळी खायाची का न्हाई.

डॉ. कर्णिक प्रथम म्हणाले, "खायची. अर्थातच खायची." शेलार म्हणाले, "मग हे काय?" आणि पत्रावर बोट ठेवलं. खांबावरच्या दरपत्रकावर ठेवतात तसंच. डॉक्टरांनी पत्र वाचलं. मला वाटतं त्यांनी ते तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, मी असं लिहिलं नव्हतं, मी शक्यता म्हटलं होतं. बर्वेसाहेब म्हणाले, विभागीय कार्यालय त्यांच्या भाषेत लिहितं.

"मग तुमच्या भाषेत लिवून द्या," शेलार म्हणाले. "गोळीनं कॅन्सर होतो हे चूक हाय, गोळी खावा."

इथे सगळं अडलं, आणि का अडलं ते सांगताना मला आजही कपाळावर हात मारावासा वाटतो. गोळीचा संबंध नाही असं कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं की दावा नाकारायचं कारणच संपतं. म्हणजे सेहेचाळीस हजार द्यावे लागणार. बर्वेसाहेबांना ते दिसलं आणि त्यांनी अतिशय गोड आवाजात सुचवलं की डॉक्टरांनी तोंडी सांगितलंच आहे, ते पुरेसं आहे, कागदाची काय गरज. मग म्हणाले, दाव्याला बाधा न येता वेगळं पत्र देता येईल का ते वरती विचारून बघतो, महिनाभर लागेल. समोर काळा पडलेला अंगठा, आणि महिनाभर.

तेव्हा यशोदाबाई पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "सायेब, पैसं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आमी न्हाई मागत. कागद तेवढा बदलून द्या. ह्यांचा तुमच्या शिक्क्यावर इस्वास हाय. माझ्यावर न्हाई, डागदरावर न्हाई. तुमच्या शिक्क्यावर."

बर्वेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पैशाचा हक्क सोडल्याचं लिहून घेता येईल, हे त्यांच्या मनात आलं असणार. मी म्हटलं, "साहेब, ते लिहून घ्यायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घ्या." भाषण म्हणतात ते हेच.

डॉ. कर्णिक खाली वाकले आणि म्हणाले, पट्टी सोडा बघू. इतक्या वर्षांत कंपनीच्या कामासाठी त्यांनी पाहिलेला हा पहिला रुग्ण. बघितलं, पट्टी परत गुंडाळली, बेसिनवर जाऊन हात धुतले, बराच वेळ धुतले. मग खिशातलं पेन काढून आमच्याच कोऱ्या कागदावर लिहिलं: "मधुमेहाच्या गोळ्यांमुळे जठराचा कर्करोग होतो, असा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही. माझे पूर्वीचे मत मी मागे घेत आहे. रुग्णाने गोळ्या बंद करू नयेत." सही, तारीख.

शेलारांनी कागद उलटसुलट पाहिला. "शिक्का?"

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असायचा. बर्वेसाहेब खिडकीतून समोरच्या बस डेपोकडे बघू लागले. मी ते होकारार्थी धरलं. जाऊन शिक्का आणला, शाई वाळली होती, तोंडाची वाफ देऊन दाबला. शेलारांनी कागदावर फुंकर मारली, घडी घातली आणि तिथेच पाणी मागून, यशोदाबाईंनी पदराच्या गाठीतून काढून दिलेली गोळी घेतली. संध्याकाळी तो कागद खांबावर लागला. जुन्या पत्राच्या वर, चारही कडांना खळ लावून.

गोळी सुरू झाली, पण अंगठ्याला उशीर झाला होता. मार्चमध्ये तो कापावा लागला. पुढे नाही गेलं, पाय वाचला, हेच नशीब.

जठराचा दावा पुन्हा उघडायला विभागीय कार्यालयाने सात महिने घेतले. त्यांनी मला दोनदा लेखी विचारलं की शाखेचा शिक्का कुणाच्या परवानगीने वापरला. मी दोन्ही वेळा लिहिलं, शाखा व्यवस्थापक समक्ष हजर होते. हे खरंच आहे. दरम्यान अंगठ्याचाही दावा आला, बिल रुपये ७,८४०. तो माझ्याच टेबलावर. मधुमेह व त्यातून उद्भवणारे आजार वगळून, ही ओळ मीच टाइप केलेली, आणि अंगठ्याला ती अक्षरशः लागू होती. गोळी बंद कुणाच्या पत्राने झाली, हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नाही. मी मंजुरीच्या शिफारशीचे तीन मसुदे केले, प्रत्येकात त्या पत्राचा उल्लेख केला, तिन्ही विभागीय कार्यालयातून परत आले. चौथ्यांदा शेरा आला की नियमाप्रमाणे नामंजूर करावा.

ऑक्टोबरात शेलार चेक घ्यायला आले. चपलेत पुढे रबराचा तुकडा शिवून घेतला होता, चाल जवळजवळ सरळ होती. मी त्यांना हिशेब समजावला, वजावटी दाखवल्या. इस्पितळात असताना दिलेलं इन्सुलिन आणि साखरेच्या तपासण्या, आठशे तीस रुपये, हे मधुमेहाचं म्हणून कापलं होतं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना बरोबर वाटलं, आणि ते बरोबरच होतं. मग विचारलं, "आन अंगठ्याचं?"

मी सांगितलं की ते मिळणार नाही. कारणही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाले. "पण त्याचा कागद देऊ नगा, राणेसायेब. लोक वाचत्यात."

नियमाप्रमाणे नकारपत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावंच लागतं. मी पाठवलं. त्या आठवड्यात मुद्दाम मार्केटातून फेरी मारली, खांबावर ते लागलेलं नव्हतं. डॉ. कर्णिकांचा कागद होता, कडा उचकटलेल्या, शिक्का पुसट झालेला.

अखेरचा हिशेब असा. मूळ बिल ४६,३१५. वजा दाखल शुल्क १५०, सोबतच्या माणसाचं जेवण व टेलिफोन ४८५, इन्सुलिन व साखरेच्या तपासण्या ८३०. अदा रुपये ४४,८५०, श्री. ज्ञानदेव शेलार यांना, चेकने. डॉ. कर्णिक यांना पहिल्या मताचे रुपये चाळीस आणि ते मत मागे घेतल्याच्या दुसऱ्या मताचे रुपये चाळीस, एकूण ऐंशी. अंगठ्याचे कुणालाच काही नाही.